'चाल', 'कव्हर' आणि 'पारंपरिक' : उसन्या गाण्याच्या श्रेयाचा इतिहास

१

ग्रामोफोनच्या तबकडीच्या मध्यभागी एक गोल कागद चिकटवलेला असतो. त्यावर गाण्यांची नावे असतात आणि प्रत्येक नावाखाली कंसात एक-दोन आडनावे छापलेली असतात. ऐकणारा सहसा ती वाचत नाही. परंतु गाण्याचे कर्तृत्व कोणाचे आणि त्यापोटी मिळणारे पैसे कोणाचे, या दोन्ही प्रश्नांची अधिकृत उत्तरे त्या कंसात दिलेली असतात. रॉक संगीताच्या आरंभकाळातील वाद्यवृंदांच्या पहिल्यावहिल्या तबकड्या या दृष्टीने पाहू लागले, की एक गोष्ट ध्यानात येते. ज्या संगीताने पुढे स्वयंभूपणाचा आणि बंडखोर व्यक्तित्वाच्या आविष्काराचा एवढा उद्घोष केला, त्याचा आरंभ बव्हंशी दुसऱ्यांची गाणी गाण्यापासून झाला आहे. 'बीटल्स'च्या 'प्लीज प्लीज मी' (१९६३) या पहिल्या दीर्घ तबकडीवर १४ गाणी आहेत. त्यांपैकी ८ त्यांची स्वतःची आणि ६ इतरांची. 'रोलिंग स्टोन्स'च्या एप्रिल १९६४ मधील पहिल्या तबकडीवर तर १२ गाण्यांपैकी ९ इतरांची आहेत.

अशा दुसऱ्याच्या गाण्याला इंग्रजीत 'कव्हर' म्हणतात आणि हा शब्द मराठीत जसाच्या तसा आला आहे. मुळात तो व्यापारातला शब्द. एका कंपनीचे गाणे खपू लागले, की तेच गाणे आपल्या गायकाकडून गाऊन घेऊन प्रतिस्पर्धी कंपनीने बाजारातील आपला वाटा राखायचा, असा त्याचा व्यवहार होता. अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात या व्यवहाराला वर्णभेदाची धार आली. लिटल रिचर्ड या कृष्णवर्णीय गायकाचे १९५५ मधील 'टुटी फ्रुटी' पॅट बून या गोऱ्या गायकाने १९५६ मध्ये गायिले, आणि सर्वसाधारण लोकप्रियतेच्या यादीत बूनची आवृत्ती मूळ आवृत्तीपेक्षा वर चढली. 'कव्हर' या शब्दात झाकण्याचाही अर्थ आहे, हे अशा वेळी केवळ योगायोगाचे वाटत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र रॉक संगीताचा इतिहास हा नाही. उसने गाणे ही सर्वच गानसंस्कृतींची सामान्य अवस्था आहे. एका संस्कृतीहून दुसरी वेगळी ठरते ती ऋणाची नोंद कोठे आणि कशी केली जाते, यामुळे. ही नोंद कोणाच्या पदरात श्रेय टाकते आणि कोणाला नावाशिवाय ठेवते, हा येथे विचारात घेतलेला प्रश्न आहे. मराठी समीक्षेने त्यात लक्ष घालावे याचे कारण असे, की मराठी संगीत नाटकाने 'चाल' या एका शब्दाच्या आधारे या प्रश्नाचे एक उत्तर शतकाहून अधिक काळापूर्वी देऊन ठेवले आहे, आणि वारकरी संतांच्या नाममुद्रेत त्याहूनही जुने असे दुसरे उत्तर आहे.

२

प्रथम रॉक तबकडीचे उदाहरण जवळून पाहू. पहिल्या तबकडीवर इतरांची गाणी असण्याची कारणे व्यावहारिक होती. लिव्हरपूलच्या आणि हॅम्बुर्गच्या क्लबांतून रात्रीच्या रात्री वाजवताना 'बीटल्स'ना जी गाणी अंगवळणी पडली होती, त्यांतूनच तबकडीची निवड झाली. ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात त्यांनी या तबकडीवरची १० गाणी ध्वनिमुद्रित केली. म्हणजे ती तबकडी त्यांच्या रोजच्या प्रयोगाची स्टुडिओत उतरवलेली प्रत होती. पुढील वर्षी आलेल्या 'अ हार्ड डेज नाइट'वरील सर्व १३ गाणी लेनन-मॅकार्टनी यांची आहेत. त्याच वर्षअखेरीच्या तबकडीत पुन्हा ६ गाणी इतरांची आहेत; तेव्हा हे संक्रमण सरळ रेषेत झाले असे म्हणता येणार नाही. परंतु वाद्यवृंदाने स्वतःची गाणी रचली पाहिजेत, अन्यथा तो केवळ वाजवणाऱ्यांचा ताफा, हा मूल्यनिर्णय या काळात रूढ झाला. त्यामागे कलाविषयक धारणा होती तशी कंसातील आडनावाला मिळणाऱ्या मानधनाची जाणीवही होती.

या मूल्यनिर्णयाचा परिणाम 'लेड झेपेलिन' या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या जानेवारी १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या तबकडीवर स्पष्ट दिसतो. तिच्यावर ९ गाणी आहेत आणि त्यांत ऋणाचे निदान चार प्रकार सापडतात. पहिला प्रकार उघड ऋणाचा. 'यू शुक मी' आणि 'आय कान्ट क्विट यू बेबी' ही दोन ब्लूज गाणी शिकागोचे गीतकार विली डिक्सन (१९१५-१९९२) यांची आहेत आणि त्यांचे नाव तेथे दिले आहे. दुसरा प्रकार 'पारंपरिक' या शब्दाचा. 'बेब, आय अ‍ॅम गॉना लीव्ह यू' हे गाणे पारंपरिक असून त्याची मांडणी जिमी पेज यांची आहे, असे तबकडीवर छापले होते. वस्तुतः ते अ‍ॅन ब्रेडन या स्त्रीने १९५० नंतरच्या दशकात रचले होते आणि जोन बाएझ यांच्या १९६२ मधील गायनातून ते पेज यांच्यापर्यंत पोहोचले होते. ब्रेडन यांचे नाव गाण्याखाली आले ते १९९० च्या सुमारास. तिसरा प्रकार मौनाचा. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' या गाण्याखाली एकट्या पेज यांचे नाव होते; परंतु जेक होम्स या गायकाने त्याच नावाचे आपले गाणे १९६७ मध्ये ध्वनिमुद्रित केले होते. होम्स यांनी २०१० मध्ये दावा लावला, तो न्यायालयाबाहेर मिटला आणि त्यानंतरच्या प्रकाशनात पेज यांच्या नावापुढे 'जेक होम्स यांच्यापासून प्रेरित' असे शब्द आले.

चौथा प्रकार आपल्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. 'ब्लॅक माउंटन साइड' ही केवळ वाद्यांवरची रचना पेज यांच्या नावावर आहे. एका जुन्या लोकगीताची जी मांडणी बर्ट जान्श यांनी १९६६ मध्ये गिटारवर केली होती, तिच्याशी या रचनेचे साम्य उघड आहे. जान्श यांचा उल्लेख मात्र नाही. याच रचनेत तबल्याची साथ करणारे विराम जसानी यांचे नाव तबकडीच्या वेष्टनावर स्पष्टपणे दिलेले आहे. साथीदाराचे नाव आहे आणि ज्याच्या बोटांतून ती रचना आली त्याचे नाही, या विसंगतीला कारण आहे. तबला वाजवणे ही मोजता येण्याजोगी, एका बैठकीपुरती सेवा असते, तर चाल आणि तिची मांडणी ही मालमत्ता असते. सेवेची पोच दिल्याने मालकीला धक्का पोहोचत नाही. उगमाची पोच दिली, की तो पोहोचतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. 'कव्हर' म्हणजे चोरी नव्हे. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्याने एकदा ध्वनिमुद्रित झालेले गाणे ठरावीक शुल्क भरून कोणालाही पुन्हा मुद्रित करण्याची मुभा दिली होती. तेव्हा गाणे 'कव्हर' म्हणून जाहीर करणे हा प्रामाणिकपणाचाच मार्ग होता. डिक्सन यांची वरील दोन गाणी त्या मार्गाने आली. परंतु त्यांच्याच एका गाण्याशी असलेल्या साम्यावरून 'होल लॉटा लव्ह' या १९६९ मधील दुसऱ्या तबकडीवरील गाण्याविषयी त्यांना १९८५ मध्ये दावा करावा लागला आणि तो १९८७ मध्ये तडजोडीने मिटला. म्हणजे एकाच गीतकाराचे ऋण एका वर्षात, एकाच वाद्यवृंदाने, एकदा मान्य केले आणि एकदा मान्य केले नाही. दोन्ही वेळी संगीताचा व्यवहार जवळपास तोच होता. बदलली होती ती केवळ नोंद.

'पारंपरिक' हा शब्द दिसायला निरुपद्रवी आहे. पण 'पारंपरिक, मांडणी अमुक यांची' असे छापले, की गाणे रचणाऱ्याच्या वाट्याचे मानधन मांडणी करणाऱ्याकडे वळते. परंपरेचे घर कोणाचेच नाही असे एकदा ठरले, की त्यात प्रथम शिरणारा त्याचा मालक होऊ शकतो. ब्रेडन हयात असताना त्यांचे गाणे परंपरेच्या नावे जमा झाले होते, ही गोष्ट म्हणूनच एका तबकडीपुरती मर्यादित नाही.

३

आता मराठी रंगभूमीकडे वळू. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३-१८८५) यांच्या 'संगीत शाकुंतल'च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. कालिदासाची संहिता त्यांनी मराठीत आणली; आणि पदांसाठी त्यांनी जे संगीत योजले, तेही बहुतांशी प्रेक्षकांच्या कानांवर आधीच असलेले होते. साकी, दिंडी, कीर्तनातील पदे, लावणी, कानडी मुलखातील गाणी अशा अनेक ठिकाणांहून चाली आल्या. १८८२ मधील 'संगीत सौभद्र'ची कथा त्यांनी स्वतः नाट्यरूपात बांधली. परंतु चालींची पद्धत तीच राहिली. नाटकाच्या छापील प्रतीत पदाच्या डोक्यावर 'चाल' असा शब्द देऊन, ज्या गाण्यावरून ती चाल घेतली त्याचे आरंभीचे शब्द छापण्याचा प्रघात पडला.

ही ओळ साधी वाटते, पण तिचे कार्य एकाहून अधिक आहे. नटाला ती सूचना आहे : हे पद कसे म्हणायचे ते यावरून कळेल. वाचकाला ती स्मरण आहे : हे सूर तू पूर्वी ऐकले आहेस. आणि लेखकाच्या बाजूने ती कबुली आहे : हे सूर माझे नाहीत. तबकडीवरील कंसाहून ही कबुली वेगळी आहे. कंसातील आडनाव हा हिशेबाचा भाग आहे. 'चाल'ची ओळ मात्र पदाच्या संहितेचाच भाग आहे. तिला लाज नाही आणि बढाईही नाही. दुसऱ्याच्या चालीवर पद रचण्यात काही उणेपणा आहे, असे त्या काळच्या नाटककाराला वाटत नव्हते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'वीरतनय' (१८९६) मध्ये पारशी-उर्दू रंगभूमीवरच्या चाली आणल्या, तेव्हा त्यांचे नावीन्य जाणवले ते या आयातीमुळेच.

या व्यवस्थेत स्थिर राहते ती चाल आणि बदलतात ते शब्द. रॉकमधील 'कव्हर'मध्ये शब्द आणि चाल दोन्ही स्थिर असतात. बदलतो तो उच्चार, वाद्यमेळ, आवाजाचा पोत. हा भेद समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. नाट्यपद हे आधीच ठरलेल्या साच्यात ओतलेले काव्य आहे. सम कोठे येणार, कोणत्या अक्षरावर स्वर लांबणार, मुखडा किती मात्रांचा, हे सारे कवीच्या लेखणीआधीच निश्चित झालेले असते. अशी पदे सुट्या कविता म्हणून वाचली, की ओढलेले स्वर, भरीची विशेषणे आणि विचित्र शब्दक्रम खटकतात आणि समीक्षक त्यांना दुय्यम काव्य म्हणून बाजूला सारतो. पण जी ओळ या विचित्रपणाचा उलगडा करते ती 'चाल'ची ओळच त्याने वाचलेली नसते. पदांचे संग्रह करताना ही ओळ गाळली जाते तेव्हा संहितेचा एक घटकच नाहीसा होतो आणि उरलेल्या घटकांवर अपुरेपणाचा ठपका येतो.

तरीही 'चाल'च्या ओळीचे कौतुक करताना तिच्या मर्यादेकडे डोळेझाक करता येत नाही. ती गाण्याचे नाव सांगते, गाणाऱ्याचे नाही. १९११ च्या 'मानापमान'ला गोविंदराव टेंबे यांनी संगीत दिले, तेव्हापासून स्वतंत्र संगीतकाराचे स्थान नाटकात स्पष्ट होऊ लागले. त्यांनी पूरब अंगाच्या ठुमरीच्या आणि गझलच्या वळणाच्या चाली मराठी रंगभूमीवर आणल्या. १९१६ च्या 'स्वयंवर'मध्ये भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशी नाट्यपदांत उतरवल्या. या चालींपैकी कित्येक ज्या बैठकींतून आल्या त्या गाणाऱ्या स्त्रियांच्या बैठकी होत्या. चाल म्हणून गाण्याचे चार शब्द राहिले; ज्या कंठात ती चाल घडली, ती स्त्री बहुधा राहिली नाही. 'एकच प्याला'च्या बाबतीत हे थोडे वेगळे घडले. गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकाची पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली आणि त्यांसाठी सुंदराबाईंनी चाली दिल्या, ही गोष्ट नाट्यसंगीताच्या इतिहासाने लक्षात ठेवली आहे. हा अपवाद आहे म्हणूनच इतरत्र काय हरवले याचा अंदाज करता येतो.

कथावस्तूच्या बाबतीतही हाच व्यवहार दिसतो. देवलांचे 'संशयकल्लोळ' (१९१६) आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावर आधारलेले आहे आणि मर्फीच्या मागे मोलिएर आहे. म्हणजे त्यातील पद ऐकताना प्रेक्षक उसन्या कथेतील उसन्या चालीवरचे मराठी शब्द ऐकत असतो. तरीही हे नाटक मराठी नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. स्वतंत्र, रूपांतरित आणि भाषांतरित अशा तीन कप्प्यांत साहित्यकृती ठेवून पहिल्या कप्प्याला आपोआप अधिक मोल देण्याची आपली सवय या नाटकापुढे निरुपयोगी ठरते.

४

नाट्यपदात चाल स्थिर आणि शब्द नवे; अभंगात नेमके उलट. शब्द स्थिर असतात आणि चाल प्रत्येक फडाची, प्रत्येक गायकाची वेगळी असू शकते. श्रीनिवास खळे यांनी तुकारामांच्या अभंगांना दिलेल्या चाली लता मंगेशकरांनी गायिल्या, म्हणून ते अभंग खळ्यांचे झाले नाहीत आणि मंगेशकरांचेही झाले नाहीत. कारण कर्त्याचे नाव गाण्याच्या आत, अखेरच्या चरणात गुंफलेले असते. 'तुका म्हणे' हे शब्द गाळून अभंग गाता येत नाही. ऋणाची नोंद येथे कागदावर नाही, वेष्टनावर नाही. गाणाऱ्याच्या तोंडीच ती येते. आज मुंबईत 'अभंग रिपोस्ट'सारखा वाद्यवृंद इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्स यांच्या साथीने अभंग गातो, तेव्हाही श्रेयाचा प्रश्न उद्भवत नाही. संहितेने तो आधीच सोडवून ठेवला आहे.

परंतु नाममुद्रा म्हणजे आजच्या अर्थाने स्वामित्वहक्क नव्हे. स्वामित्वाच्या व्यवस्थेत दुसऱ्याचे गाणे स्वतःच्या नावावर करण्याचा मोह असतो. संतपरंपरेत वृत्ती उलट दिशेने वाहताना दिसते : स्वतः रचलेला अभंग लोक संताच्या नावे सोडून देतात. नामदेवांच्या गाथेत नंतरच्या विष्णुदास नाम्याच्या रचना मिसळल्या आहेत आणि तुकारामांच्या गाथेच्या निरनिराळ्या प्रतींत अभंगसंख्या जुळत नाही, हे अभ्यासकांना ठाऊक आहे. येथे 'तुका' किंवा 'नामा' हे एका देहधारी व्यक्तीचे नाव राहत नाही. त्या बोलण्याच्या प्रामाण्याचे नाव होते. संपादकाला यातून प्रक्षिप्त आणि अस्सल यांचा निवाडा करावा लागतो. समीक्षकाने मात्र प्रक्षेपाकडे केवळ भेसळ म्हणून न पाहता, नाव अर्पण करण्याची एक रीत म्हणूनही पाहावे.

मिशेल फूको यांनी 'लेखक म्हणजे काय?' हे आपले व्याख्यान पॅरिसमध्ये फेब्रुवारी १९६९ मध्ये दिले. म्हणजे वर उल्लेखिलेली 'लेड झेपेलिन'ची तबकडी बाजारात येऊन जेमतेम महिना झाला होता. लेखकाचे नाव हे व्यक्तीकडे बोट दाखवणारे साधे विशेषनाम नसून संहितांची जमवाजमव, वर्गवारी आणि जबाबदारी ठरवणारे एक कार्य आहे, हा त्यांचा विचार मराठी वाचकाला नाममुद्रेच्या संदर्भात सहज उमगतो. मात्र फूको यांनी ज्या मालमत्तेच्या व्यवस्थेशी हे कार्य जोडले, तिच्याविना ते कसे चालते हे नाममुद्रा दाखवते. सिद्धान्ताचा उपयोग आपण दाखल्यासाठी करावा आणि दाखल्याने सिद्धान्ताला प्रश्न विचारावा, असा हा प्रसंग आहे.

ध्वनिमुद्रणाच्या आगमनाने नाममुद्रेची जागा बदलली. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीने कलकत्त्यात ध्वनिमुद्रण आरंभले, तेव्हा गौहर जान गाण्याच्या शेवटी आपले नाव इंग्रजीत उच्चारीत असत. गाण्याच्या शेवटी नाव घेण्याची जागा तीच. पण आता तेथे रचणाऱ्याऐवजी गाणारी आली. परदेशी कारखान्यात तबकड्या ओळखता याव्यात, हे त्यामागचे व्यावहारिक कारण सांगितले जाते. तरीही ज्या स्त्रियांची नावे 'चाल'च्या ओळीत हरवत होती, त्यांच्यातील एकीने आपले नाव स्वतःच्या आवाजात नोंदवून ठेवले, याचे मोल कमी होत नाही.

५

पुढील काळात कायद्याने ही नोंद आपल्या हाती घेतली. भारताच्या १९५७ च्या कायद्यात, मूळ ध्वनिमुद्रणानंतर दोन वर्षे उलटली की ठरावीक मानधन भरून दुसरी आवृत्ती काढण्याची मुभा होती. १९८० नंतरच्या दशकात कॅसेटच्या धंद्याने या मुभेचा मोठा उपयोग केला आणि जुन्या चित्रपटगीतांच्या, नव्या गायकांनी गायिलेल्या स्वस्त आवृत्ती गावोगाव पोहोचल्या. २०१२ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षांची केली. कायदा येथे रचणाऱ्याचे हित पाहतो. पण ज्याचे नाव त्याच्या दप्तरी आहे त्याचेच.

याच काळात मुंबईच्या इंग्रजी रॉक वाद्यवृंदांनी ब्रिटिश-अमेरिकन वाद्यवृंदांनी १९६० नंतरच्या दशकात केलेला प्रवास पुन्हा केला. महाविद्यालयांच्या महोत्सवांत परदेशी गाणी हुबेहूब वाजवण्यात कौशल्य मानले जाई. रंगभवनाच्या खुल्या मंचावर १९८६ पासून भरू लागलेल्या 'इंडिपेंडन्स रॉक'च्या पिढीत 'स्वतःचे काय?' हा प्रश्न तीव्र झाला आणि 'रॉक मशीन' या मुंबईच्या वाद्यवृंदाने १९८८ मध्ये 'रॉक 'एन' रोल रेनेगेड' हा स्वतःच्या गाण्यांचा संच काढला. हुबेहूबपणाकडून स्वरचनेकडे जाणे म्हणजे प्रौढ होणे, ही धारणा त्यामागे होती. तिच्यात तथ्य आहे. परंतु पुण्या-मुंबईच्याच रंगभूमीने उसन्या चालीवर स्वतःचे काही घडवण्याची जी वाट शंभर वर्षांपूर्वी मळवली होती, ती या धारणेच्या नकाशावर नव्हती.

मुंबईच्या आणखी एका घटनेची नोंद येथे आवश्यक आहे. १९७२ मध्ये जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि येथील वादकांच्या साथीने त्यांनी आपल्या 'फ्रेंड्स' व 'फोर स्टिक्स' या दोन गाण्यांचे नव्याने ध्वनिमुद्रण केले. ते अधिकृतपणे प्रसिद्ध झाले २०१५ मध्ये, 'कोडा' या संचाच्या विस्तारित आवृत्तीत. तेथे गाण्यांपुढे 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' असा उल्लेख आहे. तीन-चार वर्षांपूर्वी एका तबलावादकाचे नाव वेष्टनावर आले होते. येथे गाण्यापुढे वादकांच्या जागी एका शहराचे नाव आले. सामूहिक नावात सन्मान असतो हे खरे. पण ते व्यक्तीला जसे सामावून घेते तसे पुसूनही टाकते. 'पारंपरिक' हा शब्द गाणे रचणाऱ्याचे जे करतो, तेच अशा वेळी शहराचे नाव गाणे वाजवणाऱ्याचे करते.

६

हा प्रश्न मुंबईच्या स्टुडिओपुरता राहत नाही. खाडीपलीकडे पनवेल तालुक्यात त्याची दोन टोके एकमेकांपासून थोड्याच अंतरावर आढळतात.

पनवेलजवळच्या पळस्पे येथे रुद्रवीणावादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर (१९२९-१९९०) यांनी गुरुकुल उभारले. त्यांचे बंधू झिया फरिदुद्दीन डागर (१९३२-२०१३) यांनीही तेथे विद्या दिली आणि चिरंजीव बहाउद्दीन डागर ती परंपरा चालवत आले आहेत. ध्रुपदाची पदे जुनी. त्यांतील कित्येकांत तानसेनासारख्या रचनाकाराची मुद्रा असते. ती पुन्हा गायिली म्हणून कोणी त्यांना 'कव्हर' म्हणत नाही. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचे स्वतःचे असे जे असते ते आलापात, स्वर लावण्याच्या ढंगात, मोहिउद्दीन डागरांनी वीणेच्या घडणीत केलेल्या बदलांसारख्या गोष्टीत. आणि तेही तो गुरूच्या, घराण्याच्या नावाने मांडतो. येथे परंपरा म्हणजे नावांची साखळी आहे. कोण कोणाकडून शिकला हे सांगितल्याविना परिचय पुरा होत नाही.

याच तालुक्यात, पनवेल-उरणच्या आगरी-कोळी वस्तीत, लग्नविधीच्या वेळी धवलारीण धवले गाते. विधीचा क्रम तिला ठाऊक असतो, गीतांचा साठा तिच्या स्मरणात असतो, आणि कोणत्या वेळी काय म्हणावे हा अधिकार तिचाच असतो. तिनेही ही विद्या कोणा वडीलधाऱ्या बाईकडून घेतलेली असते. म्हणजे येथेही साखळी आहे. परंतु तिची कडी नावाने मोजण्याची रीत नाही. अशी गीते कॅसेटवर वा तबकडीवर येतात तेव्हा गीतकाराच्या जागी 'पारंपरिक' छापले जाते आणि संगीतकाराच्या जागी संयोजकाचे नाव येते. ब्रेडन यांच्या गाण्याचे १९६९ मध्ये जे झाले त्याचीच ही आवृत्ती. फरक एवढाच, की ब्रेडन यांना दाद मागण्यासाठी कायदा आणि पुरावा उपलब्ध होता; धवलारणीकडे तिच्या गावातील बायकांच्या आठवणीपलीकडे दप्तर नाही.

तेव्हा 'परंपरा' हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. पळस्प्यात तो नावे वाढवत नेतो, धवल्यांच्या तबकडीवर तो नावे संपवतो. हा भेद संगीताच्या स्वरूपातून आलेला नाही. कोणाच्या परंपरेची नोंद ठेवावीशी वाटली आणि कोणाच्या परंपरेची वाटली नाही, यातून तो आला आहे. 'चाल'च्या ओळीतून गाणाऱ्या स्त्रिया गळल्या त्यामागेही हेच कारण होते.

यावर उपाय म्हणून प्रत्येक लोकगीताला एक मालक शोधून द्यावा, असे सुचवणे भोळेपणाचे होईल. पुष्कळ गीतांचा एक कर्ता नसतोच, आणि तो कल्पून घेतल्याने नवीच गफलत होईल. करता येण्याजोगे आहे ते आपल्या कामाच्या कक्षेतले आहे. लोकगीताचे संकलन करताना संहितेइतक्याच ठळकपणे, संमती घेऊन, गाणारीचे नाव, गाव, वर्ष आणि तिने ते कोणाकडून घेतले हे नोंदवता येईल. संगीत नाटकांच्या आवृत्ती काढताना 'चाल'ची ओळ संहितेचा भाग म्हणून राखता येईल आणि त्या चालीच्या मागे कोणाचा कंठ होता याचा शोध घेता येईल. रूपांतरित कृतीची चर्चा करताना तिने काय घेतले याच्या बरोबरीने, घेतल्याचे कोठे सांगितले, हा प्रश्न विचारता येईल.

मराठी गानसंस्कृतीने ऋण मान्य करण्याच्या अनेक रीती घडवल्या. त्यांतील एकही निर्दोष नाही. पण त्या सर्वांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, की दुसऱ्याचे गाणे गाणे हे कमीपणाचे नाही आणि ते दुसऱ्याचे आहे हे सांगणेही कमीपणाचे नाही. 'पारंपरिक' हा शब्द यापुढे कोठे छापताना, तो कोणाच्या नावाच्या जागी छापला जात आहे, एवढे तरी अभ्यासकाने विचारले पाहिजे.